डावं शिंग

२ फेब्रुवारी

घोळ केला. चांगलं करायला गेले आणि घोळ केला.

ठोंब्याच्या, माझ्या धाकट्या भावाच्या, गॅरेजमध्ये गाडीच्या बंपरचे तुकडे खोक्यांतून पडले होते. धूळ, कोळिष्टकं, वाळून खपल्या धरलेलं ग्रीस. मला ते बघवेना. दुपारभर बसून सगळे तुकडे रॉकेलने घासले, पुसले, जुन्या चादरीवर ओळीने मांडले आणि स्वतःवर खूश होऊन आत चहा घ्यायला गेले. परत आले तर पहिलवान दारात कमरेवर हात ठेवून उभा.

"ताई, खडूच्या खुणा कुठं गेल्या?"

कसल्या खुणा?

"दादांनी प्रत्येक तुकड्याच्या मागं खडूनं खूण केली होती. अस्सल कुठला, नकली कुठला, डावा कुठला, उजवा कुठला. त्या त्यांच्या त्यांनाच कळायच्या."

गेल्या. रॉकेलबरोबर फडक्यात गेल्या. आणि मी अशी गुणाची, की फडकंही धुऊन वाळत टाकलं होतं.

पहिलवान म्हणजे डेंटिंगवाला. नुसता हाडांचा सापळा, वाऱ्याने उडेल असा, म्हणून सगळे त्याला पहिलवान म्हणतात. या गाडीचे पत्रे ठोकून ठोकून त्यानेच सरळ केले. मला वाटलं आता चिडेल. पण तो नुसता म्हणाला, "असू द्या, दादांनाच विचारू—" आणि तिथेच थांबला. सवयीने बोलून गेला बिचारा.

दादांना विचारू! त्याचे दादा, म्हणजे आमचा ठोंब्या, आत खाटेवर आहे, भिंतीकडे डोळे लावून. झटका आल्यापासून उजवं अंग गेलं, बोलणं गेलं. आणखी काय काय गेलं ते कुणालाच सांगता येत नाही.

३ फेब्रुवारी

लिहून काढते, म्हणजे डोकं तरी ताळ्यावर राहील.

डॉक्टर काय म्हणाले — "समज शाबूत असेल तर घरी ठेवून रोज सराव घेतल्याने फरक पडेल. समजच नसेल तर घर काय आणि संस्था काय, सारखंच." आणि भावजय काय म्हणते — "तो ओळखत नाही ताई, मलासुद्धा नाही." तिने अशा आजाऱ्यांना सांभाळणाऱ्या एका संस्थेत त्याचं नाव घातलंय. महिनाअखेर तिथे एक खाट रिकामी होते. म्हणजे महिनाभरात मला दाखवून द्यायचं आहे की माझा भाऊ आत कुठेतरी शिल्लक आहे. नाही जमलं तर तो गेला.

मी काय दाखवणार? मी ग्रंथालयात फाटकी पुस्तकं बांधणारी बाई, रजा टाकून इथे येऊन राहिलेली. खळ, दोरा, कापड आणि पुठ्ठा, एवढंच माझं जग. पण एक गोष्ट मला पक्की माहीत आहे. ठोंब्याला जगातलं सगळं समजेनासं होईल, एकवेळ मी समजेनाशी होईन, पण गाडी समजणार नाही असं होणं नाही. त्या गोलसर, चार दारांच्या, आमच्या लहानपणीच्या धुडावर त्याने अर्धं आयुष्य घातलंय. इंजिन झालं, रंग झाला, गाद्या झाल्या, मागचा बंपर झाला. पुढचा तेवढा राहिला. अस्सल तुकडे मिळेपर्यंत बसवणार नाही म्हणून अडून बसला, नकली आणून लावणाऱ्यांना नावं ठेवत राहिला, आणि तुकडे गोळा होतायत तोवर हे झालं.

तर पुढचा बंपर त्याच्यासमोर बसवायचा. एकेक तुकडा त्याच्या हातात द्यायचा. बघू कसा गप्प राहतो!

५ फेब्रुवारी

पहिलवानाने आज शिकवणी घेतली. बंपरचा आडवा पट्टा म्हणजे पातं. पात्यावर दोन ठिकाणी उभे ठोकळे बसतात, त्यांना हे लोक शिंगं म्हणतात. आणि पातं ज्यावर उभं राहतं ते लोखंडी हात म्हणजे ब्रॅकेट. बस, एवढंच. मी उगाच घाबरले होते.

पाती तीन निघाली. त्यांतलं अस्सल ओळखणं सोपं गेलं. अस्सल पात्याची बोल्टची भोकं चौकोनी असतात, नकलीची गोल. एकच चौकोनी भोकांचं होतं. ते पहिलवान क्रोम करायला घेऊन गेला.

घोडं अडलं ते शिंगांपाशी. लागतात दोन, निघाली सहा. दिसायला सगळी एका आईची लेकरं. मागच्या बंपरवरची शिंगं आखूड असतात म्हणे, त्यामुळे त्यांच्याशी ताडून बघायचीही सोय नाही. पहिलवानाने एकेक वाजवून बघितलं, वजन करून बघितलं, एकाला तर जिभेचं टोकसुद्धा लावलं. मग ठामपणे म्हणाला, "ही दोन." चहा पिऊन झाल्यावर म्हणाला, "का ही?"

६ फेब्रुवारी

उरलेली दोन्ही पाती ठोंब्यापुढे धरली. भिंतीकडे बघत राहिला. काही नाही.

८ फेब्रुवारी

आज शिंगं घेतली. खुर्चीत बसवला त्याला, डावा हात चालतो तो मांडीवर घेतला, त्यात एक शिंग ठेवलं. हातातून सुटलं ते माझ्या पायावर. अंगठा काळा-निळा झालाय.

दुसरं दिलं. तेही सुटलं. तोवर मी पाय आत घ्यायला शिकले होते. तिसरं राहिलं हातात. बराच वेळ राहिलं. हात भरून येईल म्हणून मीच काढून घेतलं. चौथं सुटलं. मग भावजय कामावरून आली आणि म्हणाली, "ताई, त्याच्या हातात जोर नाहीये. कशाला त्रास देता?" शिंगं गोळा करून परत खोक्यात टाकली.

आमची आई गेली तेव्हा हा नऊ वर्षांचा होता. मी एकोणीस. वडील असून नसल्यासारखे. तेव्हापासून याचं नाक पुसणं, अभ्यास, आजारपण, सगळं मी केलं. एक बरं स्थळ आलं होतं. धाकट्या भावाला बरोबर आणेन म्हटल्यावर ते आलं तसं गेलं. तक्रार नाही. पण विसरलेही नाही. ठोंब्याही विसरला नव्हता. गेल्या वर्षी मी पोहायला शिकायचं मनात आणलं, या वयात, तेव्हा हसण्याऐवजी त्याने स्वतः जाऊन मला टोपी आणि चष्मा आणला. पहिल्या दिवशी तलावापर्यंत सोडायला आला. म्हणाला, "ताई, आता एकदाचं तुझं तू काहीतरी कर." पाण्यात उतरले तर थरथर कापत होते, आणि हा कठड्याला टेकून बघत उभा.

आता त्याला मी कोण तेही माहीत नसेल.

९ फेब्रुवारी

नीट लिहायला हवं.

सकाळी भावजय गेल्यावर पुन्हा सहाही शिंगं घेऊन बसले. काल जे हातात राहिलं होतं ते आज पुन्हा राहिलं. आणखी एक राहिलं. बाकी चार त्याने टाकली. टाकली म्हणते मी! सुटली नाहीत. मुठीत घ्यायचा, अंगठा शिंगाच्या कडेखाली न्यायचा, क्षणभर थांबायचा, आणि मूठ उघडायचा.

मी त्याच्या पाठीमागे सगळी उलटसुलट केली. पुन्हा दिली. तीच दोन राहिली. पुन्हा उलटसुलट केली. तीच दोन.

मग त्याचा अंगठा जिथे जात होता तिथे मी माझा अंगठा नेला. त्या दोन शिंगांच्या आतल्या कडेला खाच आहे. बारीक, सरळ, कडेभर गेलेली. डोळ्यांना दिसत नाही, कारण क्रोमचा पापुद्रा वर आलाय, पण बोटाला लागते. पुस्तकाच्या पुठ्ठ्याला पाठीपाशी जशी खाच ठेवावी लागते तशी. ती नसेल तर पुस्तक उघडत नाही. बाकीच्या चार शिंगांना कड सपाट आहे.

मी त्याच्याकडे बघितलं. "ठोंब्या?" म्हटलं. तो भिंतीकडे बघत होता. पण बघू दे भिंतीकडे. हाताने सांगितलंय त्याने!

१० फेब्रुवारी

पहिलवानाला खाच दाखवली. त्याने कपाळावर हात मारला. "रबरी गोट! अहो, शिंग आणि पातं यांच्यामध्ये रबराचा गोट बसतो, पत्र्याला पत्रा घासू नये म्हणून. दादांनी तो कधीच आणून ठेवलाय." खोक्यात तळाशी गोटाचं वेटोळं सापडलं. त्या दोन शिंगांत तो असा बसला की सुईने भरल्यासारखा. बाकीच्या चारांत बसायला जागाच नाही.

मी नाचायची बाकी होते.

जेवताना भावजयीला सांगितलं. सगळं, पहिल्यापासून. ती घास हातात धरून ऐकत होती. मी म्हटलं, "समज आहे त्याला. आता संस्था-बिंस्था काही नाही. तुला नोकरी आहे, तुझी कंबर गेलीये त्याला उचलून उचलून, ते मला दिसतंय. तुझ्यावर भार नको. मी नेते त्याला माझ्याकडे. नोकरी सोडते. रोज सराव घेते. एकदा वाढवलाय, आणखी एकदा वाढवीन."

"आणि तुमचं पोहणं?" असलं काहीतरी विचारलं तिने.

"खड्ड्यात गेलं पोहणं," मी म्हटलं.

ठोंब्या दारापाशी खुर्चीत होता. डोळे मिटलेले. झोप लागली असावी.

भावजयीला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. मला राग आला. अजून आहे. पण मी परवा संस्थेच्या बाईंनाच बोलावून घेतलंय. त्यांच्यासमोर दाखवते, म्हणजे कुणाला काही म्हणायला जागा नको.

१२ फेब्रुवारी

संस्थेच्या बाई आल्या. पांढऱ्या केसांच्या, मृदू बोलणाऱ्या. राग धरावा असं त्यांच्यात काही नव्हतं, याचाच मला राग आला.

ठोंब्याला खुर्चीत बसवलं. मी एखाद्या जादूगारासारखी सहा शिंगं टेबलावर मांडली. पहिलं नकली दिलं. सुटलं. मी बाईंकडे बघितलं. त्यांनी मान हलवली. मग अस्सल दिलं.

सुटलं.

मी उचलून पुन्हा दिलं. पुन्हा सुटलं. दुसरं अस्सल दिलं. त्याने मूठ मिटलीसुद्धा नाही. अंगठा हललाच नाही. शिंग घरंगळत टेबलाखाली गेलं आणि मी चार पायांवर त्याच्यामागे. टेबलाखालून मला त्याचे पाय दिसत होते, पायमोजे नीट ओढलेले.

"ठोंब्या, अरे काल-परवा कसं धरलंस? दाखव ना यांना," मी म्हणत होते. लहानपणी पाहुण्यांसमोर कविता म्हणून दाखव म्हणावं तसं. तेव्हाही तो असाच गप्प बसायचा.

बाई म्हणाल्या, "पकड असते काही वेळा. पण ती आपोआप असते, तान्ह्या बाळाच्या मुठीसारखी. त्याला समज म्हणता येत नाही. तुम्ही खूप केलंत." भावजय खिडकीबाहेर बघत होती. एकदाही तिने माझ्याकडे बघितलं नाही.

खूप केलंत! पालथ्या घड्यावर पाणी.

१३ फेब्रुवारी

काही लिहावंसं वाटत नाही.

१५ फेब्रुवारी

आजही सहाही सुटली. कालही. एका अस्सल शिंगाला फरशीवर आपटून चरा गेला. मी ते पदराने पुसत बसले, पुसल्याने जाणार असल्यासारखं.

भावजय म्हणाली, "ताई, आता पुरे करा."

मग माझा तोल गेला. मी म्हटलं, "तुला तो नकोच आहे. समजतं म्हणून सिद्ध झालं असतं तर तुझी पंचाईत झाली असती." आणखीही बोलले. ते लिहीत नाही.

ती ओट्याशी गेली आणि कपाटाला कपाळ टेकून उभी राहिली. हात पाठीवर, कमरेच्या वर, जिथे दुखतं तिथे. मी बघितलं आणि गॅरेजमध्ये निघून गेले. माफी मागायला हवी होती. नाही मागितली.

खरं तर मला आता स्वतःचाच भरवसा वाटत नाही. त्या दिवशी काय बघितलं मी? अंगठा गेला होता का खाचेपाशी? की मला हवं होतं म्हणून गेला? बाकी खाच खरी, गोट खरा. पण तो योगायोगही असेल. ज्याला बुडायचं नसतं त्याला काडी ओंडक्याएवढी दिसते.

१७ फेब्रुवारी

पातं क्रोम होऊन आलं. शिंगंही परवा पाठवली होती, तीही आली. चरा गेला. इतकं लखलखीत की त्यात आपलं तोंड नाकासकट दिसतं. कुणासाठी?

पहिलवान म्हणाला, "ताई, लावायचं ना?" मी म्हटलं, "लावू. खाली तरी किती दिवस ठेवणार."

१८ फेब्रुवारी

बसेना. सकाळपासून दुपारपर्यंत बसेना. पातं धरून माझे खांदे उतरले. एका बाजूची भोकं जुळली की दुसऱ्या बाजूची जात. पहिलवान म्हणाला, बोल्ट घट्ट करू नका, सगळे ढिले ठेवा, शेवटी आवळायचे. पण मी माझी बाजू आवळून मोकळी झाले होते. पुस्तक बांधताना टाका घातला की लगेच ओढून घ्यायचा असतो, ढिला टाका म्हणजे बिघडलेलं काम. हाताची सवय. "तुमचं पुस्तक नाही हे, बंपर आहे," पहिलवान म्हणाला. "इथं आधी सगळ्यांनी एकमेकांना सांभाळून घ्यायचं असतं."

सगळं परत सोडलं. परत लावलं. तरी वाकडं. दोन्ही टोकं मडगार्डला चाटतायत. पहिलवान खाली गाडीच्या पोटात शिरला आणि तिथून त्याचा आवाज आला, "ब्रॅकेट उलटसुलट झालेत बहुतेक. डाव्याचं उजवीकडं." दिसायला दोन्ही जुळे. एकाची मान किंचित आत, एकाची किंचित बाहेर. खडूची खूण असती तर... असो. ती खूण कुणी पुसली ते सगळ्यांना माहीत आहे.

ठोंब्याला भावजयीने अंगणात उन्हाला आणून बसवलं होतं. आमची फजिती त्याच्यासमोर चालली होती. एरवी असता तर एव्हाना धावत येऊन माझ्या हातातला पाना काढून घेतला असता, "ताई, तू बाजूला हो, तू गाडीला टाके घालशील." बसला होता, कुंपणाकडे तोंड करून. ऊन तोंडावर आलं तरी मान हलवली नाही. भावजयीने येऊन खुर्ची फिरवली.

२० फेब्रुवारी

संस्था बघून आले. भावजय म्हणाली, एकदा बघा तरी. स्वच्छ आहे. त्याचाच राग येतो, नावं ठेवायलाही काही ठेवलं नाही त्यांनी. सहा खाटांची खोली. त्याची खाट खिडकीपाशी. खिडकीतून मागची भिंत आणि पाण्याची टाकी दिसते. शेजारच्या खाटेवरचे आजोबा सतत कुणाला तरी "थांब, आलो" म्हणत होते.

व्यायामाची खोली आहे. तिथे एक मुलगी एका बाईला चमचा धरायला शिकवत होती. बाईने धरला. दोघी हसल्या. मी तिथून निघून आले.

समज नसेल तर घर काय आणि संस्था काय, सारखंच. वाक्य पाठ झालंय. पण सारखं नाही. मला सारखं नाही.

२१ फेब्रुवारी

ग्रंथालयातून विचारणा आली, रजा आणखी वाढवणार का. उत्तर दिलं नाही. पोहण्याच्या वर्गातल्या एका बाईंचाही निरोप होता, "तुमची जागा ठेवलीये, पाण्यात भिंत सोडायला शिकवणारेत." मी अजून भिंत धरूनच पाय मारते.

सध्या तेवढंही सुचत नाही.

२२ फेब्रुवारी

ब्रॅकेट अदलाबदल केले. पातं चढलं. कोणी ढकललं नाही, दाबलं नाही, आपण होऊन आपल्या जागी गेल्यासारखं गेलं. पहिलवान मागे सरकून बघत राहिला. "अस्सल ते अस्सल," म्हणाला. "नकली लावलं असतं तर ठोकाठोकी करून तासभरात बसवलं असतं. पण हे कसं... बघा." त्याचे डोळे भरून आले होते. वेल्डिंगचा धूर, म्हणाला. आज वेल्डिंग नव्हतं.

मला काहीच वाटलं नाही. वाटायला हवं होतं, म्हणून वाट बघितली थोडी. नाही वाटलं. ज्याच्यासाठी केलं तो बघत नाही, तर बंपर अस्सल असला काय आणि पत्र्याचा डबा बांधला काय.

२४ फेब्रुवारी

गोट भरला. शिंगं चढवली. उजवं, मग डावं. या वेळी सगळे बोल्ट ढिले ठेवले, शेवटी आवळले. आवळायचं काम पहिलवानाने मला दिलं. उपकार केल्यासारखं.

ठोंब्याची बॅग भावजयीने भरली. सदरे, पायजमे, दाढीचं सामान. मी मदतीला गेले नाही, दारातून बघितलं. ती प्रत्येक सदऱ्याची घडी दोनदा घालत होती. एकदा तिने विचारलं, "ताई, हा निळा ठेवू का? याची बटणं त्याला एका हाताने लागतात." त्याला कुठली लागायला, तीच लावून देत असणार. मी दुरुस्त केलं नाही. म्हटलं, ठेव.

माफी अजून मागितलेली नाही. आता मागून काय होणार.

२६ फेब्रुवारी

परवा जायचं. मी हरले. एवढंच लिहायचं होतं.

२७ फेब्रुवारी

दुपारी बंपरपुढे उकिडवी बसून पातं पुसत होते. भावजयीने ठोंब्याची खुर्ची माझ्या मागे आणून ठेवली होती. क्रोममध्ये सगळं अंगण दिसत होतं, जरा ताणलेलं, पण स्पष्ट. त्यात ठोंब्याने डावा हात उचलला. बोट डाव्या शिंगाकडे केलं, मग अंगठ्याने वर, थोडंसंच वर, अशी खूण केली. भावजयीने झटकन त्याचा हात धरून खाली घेतला आणि पुटपुटली, "कळलं, डावं खाली आहे. पहिलवानाला मी सांगते. हात खाली ठेव, ताईंना दिसेल. एकच दिवस राहिलाय. त्यांना कळलं तर त्या सोडणार नाहीत तुला, आणि मग तुलाच लागून राहील, पुन्हा अडकवलं मी ताईला." तो हसला. अर्ध्या तोंडाने, पण तोच.

मी वळले नाही. पुसत राहिले. रडू येत होतं, तेही पुसत राहिले. म्हणजे संस्थेत जायचं हे त्याचं ठरलेलं. मी नोकरी सोडते म्हटल्यापासून त्याची मूठ उघडी. आणि तिने माझे सगळे बोल गिळले.

उठले तेव्हा पहिलवानाला म्हटलं, "डावीकडे एक वायसर घाला, शिंग खाली वाटतंय." मग आत जाऊन भावजयीचा हात धरला आणि माफी मागितली, त्या दिवशीच्या बोलण्याची, एवढंच सांगून. ग्रंथालयात कळवलं, सोमवारी येते. उद्या गाडीत बसवताना तो भिंतीकडे बघेल. मलाही काही समजलेलं नाही, असंच दाखवायचं आहे.